भिंतींना भिणारे ओव्हरसियर

साऱ्या नगर शहरातच काय, पण साऱ्या मुंबई इलाख्यात भिंतींना इतका भिणारा दुसरा माणूस झाला नसेल. आणि नेमका तोच माणूस आमच्या गावी ओव्हरसियर होता. घरं तपासायची, पडझडीला आलेल्यांना नोटिसा द्यायच्या आणि बोळ रुंद करायला रेघा आखायच्या, हे त्यांचं काम. आमच्याच घरात ते भाडेकरू होते, म्हणून त्यांचं भिणं मला अगदी जवळून पाहायला मिळालं. रस्त्यानं जाताना ते बरोबर मधोमध चालत. मागून बैलगाडीवाला घसा फोडून ओरडला तरी बाजूला होत नसत. कारण बाजूला भिंत! आमच्या अंगणात त्यांची खाट भर थंडीतही उघड्यावर असे. माझ्या बहिणीच्या लग्नाला आमच्या ख्रिस्ती देवळात आले, पण सबंध उपासना दारात उभं राहून ऐकली आणि फादरांनी आशीर्वाद देताच मला विचारलं, "मास्तर, ही तुळई कधी घातलेली?"

त्यांच्या हातात बारमास छत्री असे. दिसेल त्या भिंतीवर छत्रीचं टोक हलकेच आपटायचं, कान लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं, ही त्यांची तपासणी. भिंत धड असली तर "गप्प आहे" म्हणत. नसली तर "बोलतेय" म्हणत आणि चार पावलं मागं सरत. एकदा त्यांनी टकटक केलेला एक जुना कट्टा आठवड्यात ढासळला. तेव्हापासून ते बोळात शिरले की बायका पटापट दारं लावून घेत. त्यांची छत्री लागली की घर बसतं, असा बोभाटाच झाला होता.

ते लढाईचे दिवस होते. लष्कराच्या छावणीत कामं निघाली होती. श्रीगोंदा-पारनेरकडची माणसं बिऱ्हाडं घेऊन गावात येत होती. जागा कुठून आणायची? मग ज्याच्या त्याच्या घरावर मजला चढू लागला. खाली पांढरीच्या मातीची आजोबांच्या वेळची भिंत आणि वर विटांचा नवा माळा. ओव्हरसियर म्हणत, "मास्तर, हे गाव वाढत नाही, सुजतंय."

आमच्या शाळेसमोरचं घर असंच सुजलेलं. खाली फुटाणे भाजणारी ठकूबाई, शेजारी एक शिंपी, वर छावणीत कामाला जाणारी दोन कुटुंबं; लहानमोठी सतरा माणसं. भाद्रपदात पाच दिवस झड लागली. सहाव्या दिवशी ओव्हरसियरांनी त्या भिंतीला कान लावला आणि पांढरेफटक होऊन माझ्याकडे आले. "मास्तर, तुम्ही ऐका."

मी कान लावला. आत कुणीतरी धान्य पाखडावं तशी बारीक खसखस चालली होती. माती आतल्या आत गळत होती.

ठकूबाई मात्र ऐकेना. "अवं सायब, ही भिंत माज्या सासऱ्यानं घातल्याली हाय. तुमची छत्री मोडंल, पर ती हालायची न्हाई."

ओव्हरसियरांनी हात जोडले, नोटीस चिकटवली, पोलीस आणायची धमकीही दिली. अखेर मी हेडमास्तरांना न विचारताच शाळेची पडवी उघडून दिली आणि सतरा माणसं कुरकुरत तिथं आली. नोकरी जाते की राहते, ही धास्ती आता मलाही लागली.

आणि भिंत पडेना! झड थांबली, ऊन पडलं. दोन दिवस गेले, चार गेले. माणसं पडवीत अवघडून दिवस काढत होती आणि ओव्हरसियरांना शिव्या देत होती. ते कोपऱ्यात मला गाठून कुजबुजायचे, "मास्तर, पडलीच नाही तर?" मग स्वतःच दचकायचे आणि म्हणायचे, "छे छे, काय बोललो मी! पण ही माणसं परत गेली आणि मग भिंत पडली तर?"

आठव्या दिवशी संध्याकाळी ठकूबाईनं कढई डोक्यावर घेतली. तिच्यामागं सगळी बिऱ्हाडं निघाली. पाहतो तर ओव्हरसियर त्यांच्या आधीच त्या घरात! त्याच भिंतीला पाठ टेकून, जमिनीवर मांडी घालून बसलेले. ओठ सुकलेले, छत्री छातीशी घट्ट धरलेली.

"या," ते म्हणाले, "आता सगळेच बसू इथं."

मी उंबऱ्यातून हाका मारत होतो, पण माझं पाऊल आत पडेना. ठकूबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"सायब, तुमाला भ्या वाटत न्हाई व्हय?"

"लई वाटतंय, बाई," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. मी त्यांना असं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

म्हातारीनं कढई खाली ठेवली. आत गेली, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना उठवून बाहेर आणलं. "एवढा भितोय, तरी बसलाय," ती बाकीच्यांना म्हणाली, "म्हंजी कायतरी असंल. चला माघारी."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हजेरी घेत होतो. आधी लांबलचक कर्र आवाज आला आणि मग सगळी शाळा हादरली. बाहेर धुळीचा लोट. समोर आभाळ दिसत होतं, जिथं ते कधी दिसलं नव्हतं. ओव्हरसियर धावत पडवीत आले आणि माणसं मोजू लागले. तीनदा मोजली. सतरा भरली तेव्हा पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. ठकूबाईनं त्यांच्या ओंजळीत गरम फुटाणे घातले.

मग लोक स्वतःच त्यांना बोलावू लागले. दोन-तीन वर्षांत धोक्याची घरं उतरवली गेली, दोन्ही बाजूंनी लोकांनी थोडी थोडी जागा सोडली आणि आमच्या बोळाचा रस्ता झाला.

पेन्शन घेऊन ते पारनेरला राहायला गेले. एकदा मुद्दाम भेटायला गेलो. फार थकले होते. ठकूबाई गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी हात जोडले. मग विचारलं, "रस्ता कसा आहे?"

"उत्तम. मोटार येते आता शाळेपर्यंत. संध्याकाळी मुलं खेळतात."

त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. माझा हात घट्ट धरून ते म्हणाले, "मोटार येते, आणि मुलं रस्त्यात खेळतात? मास्तर, तुम्ही जरा लक्ष ठेवा हो."

मी हसलो. पण तेव्हापासून शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा राहतो.