मधला स्पीकर

पाच स्पीकर, एक धमधम करणारा डबा आणि एक ॲम्प्लिफायर असा खोका घरात आला, तेव्हा मी पहिला प्रश्न जागेचा विचारला. आमचं लातूरचं घर म्हणजे हॉल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हॉलच्या एका भिंतीला टीव्ही, दुसरीला देवाचं कपाट, तिसरीत बाहेरचं दार, चौथीत स्वयंपाकघराची कमान. मागचे दोन स्पीकर लावायचे कुठं?

"मॅच बघताना मैदानात बसल्यासारखं वाटतं," नवरा म्हणाला.

"मैदानात बसायला जागा तरी असते," मी म्हटलं.

पण खोका परत पाठवला नाही. त्याला कारण सासूबाई.

सासूबाई बिलोलीकडच्या. इतकी वर्षं लातुरात काढून बोली अजून तिकडचीच. आमच्या गल्लीत त्यांचं एक काम ठरलेलं होतं. दुपारच्या दोन मालिका बघायच्या आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ज्यांना बघता आल्या नाहीत त्यांना सांगायच्या. एक बाई कापडाच्या दुकानात कामाला जाते, एकीची शेवयांची गिरणी आहे, समोरच्या काकू दुपारी झोपतात. या सगळ्या जमायच्या. सासूबाई सांगायच्या तेही नुसतं नाही. सुनेचा आवाज वेगळा, खलनायिकेचा वेगळा, मध्ये थांबून पदर सावरणं वेगळं.

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. कानाचं यंत्र आणलं, ते आठ दिवसांत कपाटात गेलं. "कानात कुकर शिट्ट्या मारायलाय," म्हणाल्या. पुन्हा घालायला तयार नाहीत.

मी औशाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे दुपारी घरी नसते. सुट्टीत एकदा स्वयंपाकघरातून मालिका कानावर पडली. थोरलीला बढती मिळाली होती आणि दोघी बहिणी आनंदानं रडत होत्या. संध्याकाळी ओट्यावरून ऐकलं तर सासूबाई सांगत होत्या, बापानं घर विकलं म्हणून दोघी रडल्या. रडणं खरं होतं, कारण त्यांचं स्वतःचं. मग सुट्टीभर मी रोज कान देऊ लागले. चित्रं मालिकेची असायची, गोष्ट सासूबाईंची. मी काही बोलले नाही. गोष्ट वाईट नसायची.

बोलल्या त्या समोरच्या काकू. त्यांनी एक दिवस तोच भाग फोनवर बघितला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अक्का, तुमच्या टीव्हीला येगळंच च्यानल लागतंय का काय?" बायका हसल्या. सासूबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी ओट्यावर गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्यानंतर रोजच दुखायला लागले. संध्याकाळी बाहेर बायकांचा आवाज आला की त्या आतल्या खोलीत जाऊन निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "गुडघ्याला लावायचं तेल आणू का?"

स्पीकर लावायला रविवार काढला. नवऱ्यानं मागचे दोन स्पीकर शोकेसवर शेजारी शेजारी ठेवले आणि मधला स्पीकर जागा नाही म्हणून टीव्हीच्या मागे सरकवला. काम झालं म्हणून हात झटकले. मी माहितीपत्रक वाचायला घेतलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की पात्रांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. पुढच्या बाकी दोघांतून संगीत, मागच्यांतून टाळ्या, पाऊस, गाड्या वगैरे. म्हणजे ज्याला बोलणं ऐकू येत नाही त्याच्या कामाचा एकच, आणि तोच यानं टीव्हीमागे लपवला होता.

मी सगळं पुन्हा काढायला लावलं. मधला स्पीकर टीव्हीखाली, सासूबाईंच्या खुर्चीकडे तोंड करून, त्यांच्या कानाच्या उंचीला यावा म्हणून खाली दोन जाड शब्दकोश. मागचे स्पीकर कमानीच्या दोन बाजूंना खिळ्यावर. वायरी कडेनं पट्टीत. मग चाचणीचा आवाज लावला. तो एकेका स्पीकरमधून फिरतो, नुसता फसफस.

"कोण फोडणी द्यायलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठून आली फोडणी?"

त्यांनी बोट दाखवलं. बरोबर स्पीकरकडे. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा बरोबर. मी मधल्याचा आवाज वाढवला, बाकी सगळ्यांचा उतरवला, धमधम करणारा डबा जवळजवळ बंदच केला. मॅचचं मैदान आक्रसलं म्हणून नवऱ्यानं तोंड पाडलं, पण हटकलं नाही. मग मालिका लावली.

सासूबाई खुर्चीत पुढं सरकून ऐकू लागल्या. मग म्हणाल्या, "हिचा आवाज असा चिरका हाय व्हय? म्या इतके दिस गरीब समजायले हिला."

चार दिवसांनी गुडघे बरे झाले. त्या ओट्यावर गेल्या आणि काकूंकडे तोंड करून भाग सांगितला, अक्षर न अक्षर खरा. मी भाजी चिरत ऐकत होते. काकूंना धरायला काही सापडलं नाही.

जूनमध्ये शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, पाऊस लागला नव्हता, टँकर अजून येत होते. ढग यायचे, कोरडेच गडगडून जायचे. गडगडलं की घरातले सगळे प्लग काढायचे ही सासूबाईंची जन्माची सवय. फ्रिजसुद्धा सोडायच्या नाहीत. पण नवऱ्यानं ॲम्प्लिफायरसाठी झटका अडवणारा बोर्ड आणला होता आणि आईला सांगून ठेवलं होतं, की आता प्लग काढायची गरज नाही. त्या बोर्डावर अर्थिंगचा एक हिरवा दिवा होता, तो कधीच लागला नाही. नवऱ्याचं मत, दिवा खराब निघाला.

त्या दुपारी मालिकेत सुनेच्या खटल्याचा निकाल होता. बाहेर गडगडत होतं. न्यायाधीशानं चष्मा घातला आणि जवळच कुठंतरी वीज पडली. मी औशाहून परत आले तेव्हा घरात जळक्या रबराचा वास होता आणि सासूबाई ॲम्प्लिफायरचा काढलेला प्लग हातात धरून खुर्चीत बसल्या होत्या.

"म्या जाळलं," म्हणाल्या. "उठून काढायला पायजे व्हतं. निकाल ऐकायचा म्हणून उठले न्हाई."

टीव्ही वाचला होता, ॲम्प्लिफायर गेला होता. मी तो माझ्या माहेरी नांदेडला धाडला; तिथं भावाच्या ओळखीचा दुरुस्तीवाला आहे. तो म्हणाला, सुटा भाग मागवावा लागेल, महिना तरी धरा.

मग वायरमनला बोलावलं. त्यानं बल्बला दोन वायरी जोडून तपासलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये नुसती तार लाल झाली.

"अर्थिंग हाय कुठं तुमचं?" त्यानं विचारलं.

मागच्या कोपऱ्यात एक खड्डा आहे, त्यातून एक नळी वर आलेली. घर बांधताना सांगितलं होतं की उन्हाळ्यात तिच्यात पाणी ओतत जा. माती ओली असली तरच झटका जमिनीत जातो, नाहीतर बोर्ड असून उपयोग नाही. आम्ही गेलो तर नळीच्या तोंडावर दगड आणि दगडावर कढीपत्त्याची कुंडी.

"तिथं पाणी वतायचं असतंय?" सासूबाई मागून म्हणाल्या. त्यांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण आम्ही कुठं बघतोय ते दिसत होतं. "आठ दिसाला नळ येतो. पाणी मातीत वतू? म्याच ठिवला दगड." मग जरा थांबून, "म्हंजे दोन्ही बी माझंच."

मी त्यांच्या समोर उभी राहून सावकाश बोलले, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत. "आत्याबाई, गल्लीत एक तरी बाई टँकरचं पाणी मातीत ओतते का? तुम्ही वाचवलं म्हणून आपल्याला पुरलं."

"ते मला बरं वाटावं म्हणून."

"मी बरं वाटावं म्हणून बोलते का कधी?"

त्यांनी विचार केला. "न्हाई," म्हणाल्या.

उपाय घरातच होता. पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनमधून जे खारट पाणी वाया जातं, त्याची नळी खिडकीतून त्या खड्ड्यात सोडली. वायरमननं खड्ड्यात मीठ-कोळसा नव्यानं भरला आणि विजेचा दाब वाढला की आपोआप लाईन तोडणारं एक यंत्र मेन बोर्डावर बसवलं. दोन दिवसांनी त्यानं पुन्हा बल्ब लावला; चांगला पेटला. बोर्डावरचा हिरवा दिवाही लागला. नवरा म्हणाला, "दिवा आपोआप सुधारला."

पण ॲम्प्लिफायर नांदेडला होता आणि सासूबाईंपुढे पुन्हा मुका टीव्ही. गुडघे परत दुखू लागले. या वेळी मला जास्त वाईट वाटलं. पहिल्यांदा त्या हळूहळू मागं सरकल्या होत्या. आता एकदा पुढं येऊन मागं जायचं होतं. त्या सांगतही नव्हत्या आणि मी विचारून काही होणार नव्हतं.

असेच काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी समोरच्या काकू सरळ फाटक उघडून खिडकीशी आल्या. "अक्का," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "त्या दिवशी कोर्टात काय झालं? कुणालाच म्हाईत न्हाई. बाहेर या की."

हे खरं नव्हतं. तो भाग त्यांनी फोनवर बघितल्याचं त्यांच्याच सुनेनं मला सांगितलं होतं.

सासूबाई उठल्या. मला वाटलं दार लावून घेतील. त्या ओट्यावर जाऊन आपल्या जागी बसल्या. शेवयांच्या गिरणीवाली सरकली.

"हे बगा," सासूबाई म्हणाल्या, "मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली. मधी टीव्हीला आवाजाचं यंत्र व्हतं, ते जळालं. जज बोलायला लागला आन् आवाज गेला. पुढचं म्या नुसती तोंडं बघितली. तोंडं बघून सांगते. पटलं तर ऐका, न्हाईतर घरी जावा."

कोणी हललं नाही.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. न्यायाधीशानं चष्मा कसा घातला, सून कशी कठड्याला धरून उभी होती, तिच्या सासूनं कसा मान वळवून तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, सून सुटली. मालिकेत तिला शिक्षा झाली होती. ते मला काकूंच्या सुनेकडून कळलं होतं, आणि काकूंना तर माहीतच होतं.

"सुटली?" कापडाच्या दुकानातल्या बाईनं विचारलं.

"सुटली. सासूच साक्षीला उभी राहिली की तिच्या बाजूनं."

काकूंनी मान हलवली. "सुटायलाच पायजे व्हती," त्या म्हणाल्या. "मग? घरी गेल्यावर काय झालं?"