गोविंदनच्या नावापुढचा लाल ठिपका

मी खाणीची वस्ती सोडली त्या सकाळी गोविंदनमामा रस्त्याच्या पलीकडे उभा होता, तोंडावर पंच्याची घडी दाबून. आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा, लहानपणी मला खांद्यावर घेऊन सगळी वस्ती हिंडवणारा माणूस. पण बसजवळ आला नाही. "लांबूनच जा बाबा, नवी नोकरी आहे तुझी," असं ओरडला, आणि त्या ओरडण्यानंच त्याला उबळ आली. बस निघाली तेव्हा तो गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला होता.

त्यानं जवळ यायला काहीच हरकत नव्हती. हे तिथं जमलेल्यांत दोघांनाच माहीत होतं. मला आणि माझ्या वडिलांना.

कल्याण-डोंबिवलीतल्या तुम्हा खाणवाल्यांसाठी हे लिहितोय. दरवर्षी डोंबिवलीच्या हॉलवर आपण जमतो, मेळाव्याच्या अंकाला लेख दे म्हणून तुम्ही मागे लागता आणि मी टाळतो. क्लबातला पियानो, डिसेंबरची थंडी, बंगल्यांभोवतीची मेंदीची कुंपणं, हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा छान लिहिता. मला लिहायचं होतं ते वेगळं होतं.

आपल्या सुना-जावयांना माहीत नसेल म्हणून सांगतो. कर्नाटकातली ती सोन्याची खाण गोऱ्यांनी खणली. खाली उतरणारे बहुतेक तमिळ, कचेरीत आणि दवाखान्यात मूठभर मराठी. माझे वडील मालवणकडून कंपाउंडर म्हणून गेलेले. दगड फोडून, दळून त्यातलं सोनं काढून घेत आणि उरलेली भुकटी वस्तीच्या कडेला टाकत. तिच्या टेकड्या झाल्या होत्या. वारा सुटला की ती ताटातल्या भातावर बसायची. आणि खाली भोकं पाडणाऱ्यांच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसायची, ती कायमची.

दवाखान्यात दरवर्षी त्यांचे एक्स-रे निघत. छातीत धूळ दिसली की डॉक्टर रजिस्टरमध्ये नावापुढे लाल शाईचा ठिपका देई. ठिपका म्हणजे माणसाला खाणीतून वरच्या कामावर घ्यायचं, भरपाई द्यायची. पण रजिस्टर जीर्ण झालं की त्याची नक्कल व्हायची आणि जुनं बॉयलरमध्ये जायचं. नकलेत ठिपका उतरायचा नाही. त्या जागी 'क्षय' लिहायचं. क्षय कुणाला कुठंही होतो, त्याला खाण काय करणार? गोरे गेले, खाण सरकारची झाली, रिवाज तोच राहिला.

ही नक्कल वडील करत; त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. मी बी.कॉम. होऊन घरी बसलेलो. "पोराचं अक्षर छान आहे," म्हणाले. तीन आठवडे दवाखान्याच्या पडवीत बसून मी नक्कल केली. दुसऱ्या दिवशीच गोविंदनमामाचं नाव आलं. पुढे लाल ठिपका. मी टाक खाली ठेवून वडिलांकडे गेलो. ते बाटल्यांत औषध भरत होते. वर न बघता म्हणाले, "लिही. आपण नाही लिहिलं तर दुसरा कुणी लिहील."

मी लिहिलं. त्या वाक्याच्या आधारावर पुढची तीस वर्षं काढली. साहेबांचा मेव्हणा ठाण्यात औषधांच्या कारखान्यात होता. त्याच्या नावे मला शिफारशीची चिठ्ठी मिळाली, ती त्या नकलेच्या बदल्यातच.

सुरुवातीला कोपरीत तिघांत एक खोली, मग लग्न झाल्यावर वर्तकनगर. आईची पत्रं यायची, त्यात मामाची, त्याची बायको मुनियम्माची आणि लेक सेल्वीची खबर असायची. 'गोविंदनचं ताट मुनियम्मानं वेगळं केलंय. चटई बाहेर पडवीत टाकतात. सेल्वीला त्याच्याकडे जाऊ देत नाहीत, पोरगी दारातून नुसती बघत बसते.' हे वाचून मी पत्र घडी करून ठेवायचो. एक कार्ड टाकून सांगता आलं असतं, की मामाचा आजार लागत नाही. टाकलं नाही. दोन वर्षांनी आईनं लिहिलं, 'गोविंदन सुटला.' त्या संध्याकाळी मी स्टेशनबाहेर शहाळं प्यायलो. एवढंच आठवतं.

आता बाळकुमला एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट आहे. खाण केव्हाच बंद पडली. गोविंदनमामाची सेल्वी तिथंच शाळेत शिकवते आणि नागरिकांची समिती चालवते. धुळीनं गेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई मिळावी, टेकड्या झाकाव्यात, एवढंच त्यांचं मागणं. चौकशीत उत्तर मिळालं, रजिस्टरमध्ये तर क्षय आहे. गेल्या वर्षी तिनं त्या पानाचा फोटो वस्तीच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हे अक्षर कुणी ओळखतं का?

तुमच्यातलेच काहीजण त्या ग्रुपवर आहेत. "काय मोत्यासारखं अक्षर!" असं एकानं लिहिलं. दुसरा म्हणाला, "अरे, असं अक्षर असतं तर मी कलेक्टर झालो असतो." मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

मग एकदा शेजारच्या फ्लॅटमध्ये ओट्याचा ग्रॅनाइट कापत होते. कापणारा पिठात लोळल्यासारखा पांढरा, पापण्यासुद्धा. मी म्हटलं, "अरे, पाणी मारून काप, तोंडाला काहीतरी बांध." तो हसला. "टेन्शन नका घेऊ काका, आपल्याला सवय आहे." घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता कशाला उकरून काढताय? मुलीचं लग्न ठरतंय. आणि तुमच्या वडिलांचं नाव?" तिचं चूक नव्हतं. मीही इतकी वर्षं हेच म्हणत आलो होतो, फक्त मनात.

सेल्वीला फोन केला. अर्धं हिंदी, अर्धं तिथलं मिसळ बोलणं. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं दाव्याचं काहीच विचारलं नाही.

"म्हणजे लागणारा रोग नव्हताच?"

"नव्हता."

"दोन वर्षं मी अप्पाला शिवले नाही, अण्णा. ते हाक मारायचे, मी दारातूनच परत जायचे."

मग तिचा आवाज शाळेतल्या बाईंचा झाला. "प्रतिज्ञापत्र कर. स्वतःच्या हातानं लिही, टाइप नको. अक्षर जुळलं पाहिजे. चौकशीच्या तारखेला हजर राहा. आणि अम्मा अजून आहे. तिला तू सांग. मी नाही सांगणार."

ठाण्याच्या कोर्टाबाहेर, वकिलाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून मी चार पानं लिहिली. वडिलांचं नावही घातलं. दावा यावर उभा राहील की नाही, वकिलाला सांगता येत नाही.

मेळाव्यात आपण एकमेकांना विचारतो, घर कुठलं म्हणायचं, इथलं की तिथलं? माझ्यापुरतं घर आता मुनियम्माच्या उंबरठ्याएवढंच उरलंय, आणि तो ओलांडू देतील असं मी धरून चाललेलो नाही. परवाचं तिकीट आहे. तमिळ पार विसरलोय. 'तुम्ही त्याला जवळ घेतलं असतं तरी चाललं असतं' एवढंच वाक्य त्या भाषेत जुळवतोय. शब्द सापडतात, पण म्हणायला गेलो की अर्ध्यावर थांबतो.