भिंतीकडे तोंड करणारा

माझ्या कादंबरीची एकमेव प्रत कुणी चोरू नये म्हणून मी कॉम्प्युटरच्या डिस्कला मराठी पासवर्डचं कुलूप घातलं. सुरू होताना या ठोंब्याला फक्त इंग्रजी कीबोर्ड कळतो, हे दुसऱ्या दिवशी समजलं. आमच्या कानडी शहरातल्या मंडी मोहल्ल्यातून दुरुस्तीवाला बोलावला. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून त्याने कीबोर्ड मराठी केला, आणि मी पासवर्ड टाइप करेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, जणू मी लुंगीच बदलतोय.

डिस्क उघडली. सगळं शाबूत आहे ना, हे बघायला त्याने कादंबरी उघडली. घरी मराठी बोलणारा माणूस! मी आशेने बघत राहिलो. ओठ हलवत त्याने दोन पानं वाचली.

"अय्यो सर," तो हळूच म्हणाला, "कुलूप परत घाला की."

आणि पुन्हा भिंतीकडे वळला.