तांदळात लिहिलेलं नाव

शकू, फोन ठेवू नकोस, कान इकडे कर जरा. धाकटी बहीण म्हणवतेस आणि वर्षभर फिरकत नाहीस, शोभतं का गं हे?

या वयात दहावीला बसायचं ठरवलंय. काल सेवा केंद्रात ऑनलाइन फॉर्म भरायला गेले होते. दोन पानं सुरळीत झाली. तिसऱ्या पानावर शाळेचा दाखला जोडला आणि लाल अक्षरं उमटली, 'नाव जुळत नाही.' पुढे जायचं बटणच चालेना. दाखल्यावर कुसुम, आधार कार्डावर सुमित्रा. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हापासून कुसुमची चौकशी कोणी केलीच नव्हती. पन्नास वर्षांनी केली ती या फॉर्मने, आणि तीही ओळख पटेना म्हणून.

केंद्रातली मुलगी म्हणाली, "आजी, या दोघी एकच, हे लिहून देणारं माहेरचं कोणी आहे का?"

आई गेली, दादा गेला. त्या नावाने हाक मारणारे एकेक करून गेले. समोरची लाल अक्षरं मला खोटी म्हणवेनात.

तू तेवढी उरलीस. शनिवारपर्यंत मुदत आहे, लवकर ये. सही नंतर कर. आधी दारातून 'कुसुमताई' म्हणून हाक मार. मी ओ देते का, तेवढं मला बघायचंय.