साहेबांचं पत्र आणि माझं शॉर्टहँड

परराष्ट्र खात्यात वीस वर्षं स्टेनो असलं की किस्से फायलींसारखे साठतात. फरक एवढाच, की किस्से कुणी गहाळ करत नाही.

माझे साहेब राजदूत होऊन दिल्लीत परतलेले, पक्के पुणेकर. डिक्टेशन असं सुसाट द्यायचे, की पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "सर, जरा सावकाश."

"पेठेबाई, सावकाश बोललो तर तोवर युद्ध संपेल की."

मग मी काय, पेन पळवायची. तीन दिवसांनी माझंच शॉर्टहँड मला लागत नसे. नवरा म्हणायचा, "तू लिहितेस ते तुझ्यापासूनही गोपनीय!"

*

पुढे एका सकाळी लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या देशपांडे वहिनी पेपर घेऊनच आल्या. "अगं, तुझ्या साहेबांनी बंदुका पाठवल्या म्हणे! तिकडे लढाई चाललीय त्या देशात. कुठल्याशा दलालाला पत्र लिहून."

"शक्यच नाही. त्यांना घरचा मिक्सर लावता येत नाही."

"ते असू दे. पत्र टाइप कुणी केलं?"

टाइप मीच केलं असणार; पण दिवसाला तीस पत्रं, त्यातलं हे कुठलं, आठवेना.

*

साहेब म्हणाले, पत्र औषधांचं होतं. पण फाइलमधली कॉपी गायब. साहेब नुकतेच रिटायर झालेले; चौकशी लागली, पेन्शन अडकली.

त्यातच ते दिल्लीतल्याच द्वारकेच्या नव्या सोसायटीत राहायला गेले. टेम्पो गेटवर अडला. सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, "सर, बुरा मत मानिए, सामान ज़रा देख लें?"

साहेब खाली बघत उभे. शेवटी साहेबांच्या मिसेसनी, वहिनींनीच ट्रंक उघडली. "देख लो भाईसाब. ये पुरणयंत्र है. चलाके दिखाऊँ?"

*

आता उरली होती फक्त माझी शॉर्टहँडची वही. कमिटीने मला बोलावलं. "मैडम, उस दिन का पन्ना पढ़िए."

पान होतं, तारीख होती. आणि खाली नुसत्या अळ्या! 'डिअर सर'च्या पुढे एक अक्षर लागेना. समोर साहेब. त्यांची तीस वर्षांची नोकरी, पेन्शन, नाव, सगळं त्या अळ्यांत.

मी घसा खाकरला आणि घडाघडा वाचलं. औषधं, ब्लँकेटं, बँडेजं, आपला विश्वासू.

चेअरमन म्हणाले, "वाह मैडम, शॉर्टहैंड हो तो ऐसी."

उभ्या नोकरीत माझ्या शॉर्टहँडचं झालेलं हे एकमेव कौतुक. आरोप सिद्ध झाला नाही, पेन्शन सुटली. पेपरवाले अजून बंदुकाच म्हणतात, खातं नाही म्हणतं.

*

परवा द्वारकेला त्यांच्याकडे गेले होते. वहिनी आत चिवडा काढत होत्या. साहेबांनी स्वतः चहा आणून दिला.

"पेठेबाई, कमिटीपुढे तुम्ही फार छान वाचलंत."

"कसचं काय, सर."

"त्या पत्रात औषधं नव्हतीच."

माझा कप ओठांशीच राहिला. आतून चिवड्याच्या डब्याचं झाकण वाजलं. साहेब माझ्याकडेच बघत होते.

"विचारणार नाही का, काय होतं ते?"

मी एक घोट घेतला.

"सर, साखर जरा कमी आहे."