आज तिने नाच अर्ध्यावर सोडला

मंडळी, आज दुपारपासून आमचा फिगर स्केटिंगवेड्यांचा ग्रुप गप्प आहे.

आमची एक रीत आहे. आमची लाडकी स्केटर बर्फावर उतरली की तिचे गुण येईपर्यंत कोणी काही लिहायचं नाही. तिचा हा शेवटचा हंगाम. उड्या आता साधत नाहीत, पण तिचे हात अजून सूर धरून चालतात. शेवटचा नाच तिने पुरा करावा, एवढंच आम्हाला हवं होतं.

आज ती दुसऱ्याच उडीला पडली. उठली, पंचांशी काहीतरी बोलली आणि लंगडत बाहेर गेली.

गुण आलेच नाहीत. मग लिहिणार कोण?

शेजारच्या पद्मा डोकावल्या. "अक्का, बसवनगुडीत बसून बर्फावरच्या बाईसाठी रडताय होय? स्वल्प कॉफी घ्या."

हे गेले तेव्हा भेटायला येणारे असेच गप्प बसायचे. मला राग यायचा. आज माझ्याकडेही शब्द नव्हते.

शेवटी मीच रीत मोडली. "पाहिलं गं तुला," एवढंच लिहिलं. ती काही ते वाचणार नाही.

तुम्ही काय लिहिलं असतं?