दंडात जिरलेलं चांदणं

धुक्यातून गाळून आलेलं हिवाळ्यातलं फिकट ऊन दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या खिडकीत उतरलं होतं. नवा एक्स-रे मी काचेला लावून पाहिला. माझ्या लेकीच्या, रेवाच्या, उजव्या दंडात ऑपरेशननंतर चांदण्यांसारखे लखलखणारे शुभ्र दाणे विझत चालले होते!

शाळेच्या मैदानावर गोळाफेकीचा सराव करताना, गोळा हातातून सुटायच्या आतच तिचं हाड मोडलं होतं. हाडाच्या आत पाण्याने भरलेली एक निरुपद्रवी पोकळी गुपचूप वाढत होती. भोवतीची भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ झाली होती. सर्जननी ती पोकळी खरवडून तिच्यात भट्टीत भाजलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचे सच्छिद्र दाणे भरले. शुद्धीवर येताच रेवाने विचारलं, "आई, मी परत गोळा फेकणार ना?" मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

आणि आता ते दाणेच नाहीसे होत होते! दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. ते चक्क हसले. "घुलने दीजिए, यही तो इनका काम है!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. आधी दाण्यांच्या कडा धूसर होतात. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून रक्तवाहिन्या शिरतात. शरीरातले द्रव आणि पेशी त्यांना कणाकणाने झिजवतात, आणि मोकळ्या होणाऱ्या जागेत जिवंत अस्थी आपली जाळी विणत जाते. फार लवकर विरघळले, तर पोकळी उरते. फार रेंगाळले, तर नव्या हाडाची वाट अडते. किती नाजूक हा ताल! रेवाच्या हाडाला तो अचूक साधला होता.

"दाणे जिरतायत गं," मी परतताना ऑटोत म्हणाले.

"जिरतायत म्हणजे?" दिल्लीत वाढलेल्या माझ्या लेकीला हा शब्दच ठाऊक नव्हता.

"पाणी मातीत जिरतं ना, तसं."

"अच्छा! म्हणजे मीच त्यांची माती," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

पुढचे एक्स-रे मी धीराने पाहिले. शुभ्रतेचं मळभ झालं, मळभातून तलम रेषा उमटल्या, आणि एके दिवशी दाणे कुठे होते हे शोधूनही सापडेना. डॉक्टरांनी परवानगी दिली. आधी रिकाम्या हाताने, मग हलक्या चेंडूने, असं करत करत एका लख्ख सकाळी रेवा पुन्हा गोळाफेकीच्या पांढऱ्या वर्तुळात उभी राहिली. गोळा मानेला टेकवला, गुडघे वाकवले, गिरकी घेतली, आणि आख्खं मैदान ऐकेल अशी आरोळी ठोकून हात सरळ आकाशात झेपावला!

गोळा धप्पकन मातीत रुतला. "आई, बघितलंस? कुठवर गेला!"

मी बघितलंच नव्हतं. माझी नजर तिच्या दंडावरून हललीच नव्हती.

"यार, आई!" दंड थोपटत ती गोळा आणायला धावली. "थांब, परत फेकते!"